गवत, ग्रास कटर आणि टाकीचं झाकण

कुडाळजवळच्या आमच्या घराभोवती नारळ-सुपारी आहे, मागच्या चढावर काजूची कलमं आहेत आणि पावसाळा सुरू झाला की या सगळ्यात कमरेएवढं गवत आहे. गणपतीच्या आधी खळ्याभोवतीचं, म्हणजे अंगणाभोवतीचं, आणि पाणंदीतलं गवत काढलंच पाहिजे, कारण येणारी-जाणारी माणसं, मुलं आणि गवतात बसलेलं फुरसं यांची गाठ पडायला वेळ लागत नाही. पाऊस संपल्यावर काजू बेणायचे, म्हणजे झाडांखालचं गवत-झुडपं काढायची. मार्चमध्ये बिया खाली पडायला लागल्या की जमीन साफ नसेल तर अर्ध्या बिया पाल्यातच राहतात. पूर्वी हे सगळं आबा, म्हणजे माझे सासरे, दोन गडी घेऊन करायचे. आता गडी मिळत नाहीत. मिळाले तर नेमके चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात सगळ्या गावाला एकदम हवे असतात.

म्हणून ग्रास कटर घ्यायचं ठरलं. पुण्याहून मुलाने ऑनलाइनच्या लिंका पाठवल्या, ५२ सीसी, सोबत पाच-सहा ब्लेडं फुकट, किंमत सात-आठ हजारांपासून. बॅटरीवरचेही होते. बॅटरीवाला हिरवळ कापायला ठीक, पण आमच्याकडच्या भिजलेल्या, जाड दांड्याच्या गवतात तो किती वेळ टिकेल, याची शंका होती. फोर स्ट्रोकमध्ये इंजिनऑइल वेगळं आणि पेट्रोल साधं, त्यामुळे मिश्रणाची कटकट नाही, धूरही कमी. पण किंमत बरीच वर जाते. सीसीचा आकडा सगळेच विचारतात. मी बाजारात मेस्त्रींकडे जाऊन उलटं विचारलं, की तुमच्याकडे दुरुस्तीला सगळ्यात जास्त कुठलं मशीन येतं आणि कुठल्याचा कार्बोरेटर तुमच्या कपाटात आहे? त्यांनी हसून दोन नावं सांगितली. त्यातलाच ४३ सीसीचा टू स्ट्रोक, खांद्याला अडकवायचा, घेतला. पाठीवर घ्यायचा प्रकार चढावर बरा पडतो म्हणतात, पण तो लावून बघितला तेव्हा घसरले तर पटकन काढता येईल असं काही मला वाटलं नाही.

टू स्ट्रोकला पेट्रोलमध्येच टूटी (2T) ऑइल, म्हणजे टू स्ट्रोक इंजिनाचं ऑइल, मिसळायचं. आमच्या मशीनच्या पुस्तकात प्रमाण २५ ला १ दिलंय, म्हणजे लिटरला ४० मिली. काही मशीनना ५० ला १ चालतं, तिथे २० मिली. शेजाऱ्याचं प्रमाण आपल्या मशीनला वापरू नये. ऑइल कमी पडलं तर पिस्टन धरतो, म्हणजे आतच अडकून बसतो, आणि मग खर्च मशीनच्या निम्म्या किमतीत जातो. मिसळायची खुणांची बाटली मशीनबरोबर येते. पंपावर प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल देत नाहीत, त्यामुळे आधी एक पत्र्याचा कॅन आणावा लागला.

पहिल्या दिवशी मेस्त्रींनी ब्लेड बदलायला शिकवलं, ते बरं झालं. ब्लेडच्या नटाला उलटे आटे असतात. नेहमीच्या सवयीने सोडवायला गेलं की तो आणखी घट्ट होतो. गिअरच्या डब्याला बाजूला एक भोक असतं, त्यात आणि आतल्या चकतीच्या भोकात सळी घालून दांडा अडवायचा आणि नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा, की सुटतो. हे माहीत नसलेल्या माणसांनी हातोडीने ठोकून गोल केलेले नट मेस्त्रींच्या डब्यात ढिगाने होते.

श्रावणात काम छान चाललं. मग एक नवाच त्रास सुरू झाला. मशीन पहिल्या-दुसऱ्या ओढीला चालू व्हायचं, थोडा वेळ जोरात कापायचं आणि मग आवाज बारीक होत होत बंद. जरा थांबून ओढलं की पुन्हा चालू. प्लग काढून बघितला. ओला काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचतच नाही, विटकरी असेल तर सगळं ठीक. माझा विटकरी होता. प्लग टोपीत घालून त्याचं लोखंड इंजिनाच्या अंगाला टेकवलं, जवळ पेट्रोल नाही हे बघून रस्सी ओढली. निळी ठिणगी दिसली. एअर फिल्टरचा स्पंज साबणाने धुऊन वाळवला. टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर ओढून बघितला, तोही साफ. तरी तेच.

शेवटी मेस्त्रींना फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "वैनी, मशिनाक कायच झाला नाय. टाकयेत वारो जाणा नाय. बंद पडला की झाकान जरा सैल करून बघा."

केलं. झाकण फिरवताच आत सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला, आणि मशीन लगेच चालू झालं. पेट्रोल खाली जातं तशी टाकीत वरून हवा यावी लागते, त्यासाठी झाकणाला केसाएवढं छिद्र असतं. ऑइल आणि गवताचा भुसा मिळून त्याचा चिकट थर बसला होता. टाचणीने मोकळं केलं, झाकण धुतलं, झालं. आता दर वेळी टाकी भरण्याआधी झाकणाभोवती फडकं फिरवते.

शेजारच्या काकांच्या मशीनचं दुखणं वेगळं निघालं. त्यांनी दिवाळीत ठेवलेलं मशीन जूनमध्ये काढलं, टाकीत पेट्रोल तसंच. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं; ते ओल ओढून घेतं आणि पडून राहिलं तर रबराला त्रास देतं. पेट्रोलची नळी कडक झाली होती, हाताने दाबायच्या रबरी फुग्याला चीर पडली होती, आणि कार्बोरेटरमधला पातळ पडदा ताठ झाला होता. तिन्ही बदलली, मशीन चालू झालं. मेस्त्रींचं म्हणणं असं, की पंधरा दिवसांत वापरणार नसाल तर टाकी रिकामी करा आणि उरलेलं पेट्रोल संपून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

कापताना गॉगल, जाड पँट आणि गमबूट याला पर्याय नाही. गडग्याजवळ, म्हणजे दगडी कुंपणाजवळ, ब्लेड लावायचं नाही, तिथे नायलॉनची दोरी. ती दगडाला लागून तुटते, पण ठिणग्या उडत नाहीत. तरी बारीक खडे लांब जातात, म्हणून मुलं आणि कुत्रा घरात.

एका ठिकाणी मात्र मशीन नेतच नाही, ते म्हणजे काजूच्या लहान कलमांच्या बुंध्यापाशी. दोरी सालीला गोल फिरून लागली की साल सोलवटते आणि वरचं झाड वाळतं. तेवढी आळी अजून कोयत्यानेच होतात आणि त्याला गडी लागतोच, फक्त आता एखाद-दुसऱ्या दिवसाचं काम असल्यामुळे तो हो म्हणतो.