एक लिटर सांडपाणी मिळवताना: माझा अनुभव

संशोधनासाठी सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पातून नमुने मागायचा अर्ज लिहिणाऱ्यांना आधीच सांगते: पहिल्याच ओळीत 'इनलेटचं, प्रक्रिया न झालेलं पाणी' असं लिहा. इनलेट म्हणजे शहराचं पाणी प्रकल्पात शिरतं ते तोंड. आम्ही ते तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं आणि सरकारी कार्यालयात तिसऱ्या परिच्छेदापर्यंत कुणी पोचत नाही. 'सांडपाण्याचे नमुने' एवढं वाचलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे खाडीत सोडलेलं पाणी, मेलेले मासे आणि हरित लवादाची नोटीस उभी राहते. त्यानंतर तुम्ही काहीही समजावून सांगा.

मी गोव्यात, बार्देश तालुक्यातल्या एका कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते. एमएस्सीच्या दोन मुलींनी प्रकल्पासाठी विषय निवडला होता, शहराच्या सांडपाण्यात करोना आणि फ्लूच्या विषाणूंचे अंश आठवड्यागणिक कसे वरखाली होतात ते पाहायचं. कल्पना नवी नाही. लागण झालेल्या माणसाच्या विष्ठेतून करोनाच्या विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, बाहेर पडतो, कधीकधी लक्षणं दिसण्याच्या आधीच. तो माणूस डॉक्टरकडे जावो न जावो, चाचणी करो न करो, संडासात जातोच. आता चाचण्या जवळजवळ कुणी करत नाही, म्हणून तर गटाराचा भरवसा जास्त.

आणि हे आपल्या देशात करोनाच्या कितीतरी आधीपासून चाललंय. मुंबईत पोलिओसाठी सांडपाण्याचे नमुने २००१ पासून तपासले जातात. पोलिओची लागण झालेल्या साधारण दोनशेंपैकी एकालाच लकवा होतो. बाकीच्यांना काही झालंय हे त्यांनाही कळत नाही, मग दवाखान्याच्या रजिस्टरला कुठून कळणार? देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला, २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला, तरी सांडपाणी तपासणं थांबलेलं नाही. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला तेव्हा तिथे लकव्याचा एकही रुग्ण नव्हता.

नमुने घ्यायची परवानगी मागायला ज्या कार्यालयात गेले, तिथे हे सगळं मी तोंडपाठ म्हणून दाखवलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण मॅडम, पोलिओ गेला ना?"

कार्यालयाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, हीच तर खरी चीड आहे. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. इथे प्रत्येक जण खुर्ची देत होता, चहा मागवत होता आणि फाईल पुढच्या टेबलावर सरकवत होता. रोगाचं काम आहे तर आरोग्याकडे जा. आरोग्यवाले म्हणाले, पाणी आमचं नाही. पाणीवाले म्हणाले, पाइप आमचे, सांडपाणी प्रकल्प चालवायला ठेकेदाराकडे दिलाय, त्याला विचारा. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, वरून पत्र आणा, टाकीत उडी मारायलाही देतो.

शेवटी एका ठिकाणी अर्ज इनवर्ड झाला. त्यानंतर 'फायल वयर गेल्या' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की मुली कॉलेजात एकमेकींच्या असाइनमेंटबद्दलही तसंच बोलायला लागल्या. वर म्हणजे कुठे, ते कुणी सांगत नाही. डीलिंग हँड, म्हणजे फाईल सांभाळणारा कारकून, रजेवर असला की फाईलही रजेवर.

मग फॉर्म आला. त्यात पीएच, बीओडी, सीओडी (पाण्यातली घाण मोजायचे आकडे), तरंगते घन पदार्थ असे रकाने होते, सगळे प्रक्रिया झालेल्या पाण्याचे. विषाणूला रकाना नाही. रिकामे ठेवले तर अर्ज अपूर्ण म्हणून परत; 'लागू नाही' लिहिलं तर विचारणा की मग तपासणार काय? आम्ही पुरवणी कागद जोडला. तो फाईलमधून गळला, पुन्हा जोडला. या वेळी स्टेपल न करता टॅगने बांधला. टॅग आपलाच घेऊन जा.

साहेबांची खरी भीती तिसरीच निघाली. डिसेंबर, म्हणजे पर्यटनाचा हंगाम, तोंडावर होता. "तुम्ही पेपरात दिलं की गोव्याच्या गटारात व्हायरस सापडला, तर सीझनचं काय होईल?" मी म्हटलं, विषाणूचे अंश जगातल्या प्रत्येक शहराच्या गटारात आहेत, ते आहेत की नाहीत हे आम्ही पाहत नाही, वाढतायत की घटतायत ते पाहतो. शिवाय सापडतो तो बहुतेक आरएनएचा तुकडा. त्यातून लागण होते असं नाही. त्यांनी मान डोलावली आणि हमीपत्र मागितलं: निष्कर्ष वर्तमानपत्रांना देणार नाही, प्रकल्पाचं नाव छापणार नाही. दिलं. प्राचार्यांची सही आणण्यात मग आमच्याच कॉलेजने जो वेळ खाल्ला त्याबद्दल मी इथे बोलणार नाही, मला नोकरी करायची आहे.

त्यांनी आणखी एक विचारलं, कोणाच्या घरात आजार आहे ते यातून कळणार का? हा प्रश्न मात्र मला आवडला. हजारो घरांचं पाणी इनलेटला एकत्र येतं, तिथून एक घर वेगळं काढता येत नाही. पण एका हॉटेलच्या किंवा एका वसतिगृहाच्या चेंबरमधून नमुना घेतला तर तो प्रश्न खरा होतो. परवानगीची वाट पाहताना आम्ही सराव म्हणून आमच्याच हॉस्टेलच्या चेंबरमध्ये मूर स्वॅब सोडला होता. गॉजची जाड घडी, तिला दोरी, दोन दिवस वाहत्या पाण्यात लटकवायची. १९४८ मध्ये ब्रेंडन मूर यांनी इंग्लंडमधल्या सिडमाउथ गावात पॅराटायफॉइडचा वाहक, म्हणजे स्वतः आजारी न दिसता जंतू पसरवणारा माणूस, याच युक्तीने, एकेक चेंबर मागे जात, शोधून काढला. आम्ही मात्र हॉस्टेलच्या स्वॅबची पीसीआर केलीच नाही. मोजक्याच मुली राहतात तिथे, कुजबुज व्हायला किती वेळ लागतो.

"एवढ्या शहराचं एका बाटलीत काय कळणार?" असं साहेबांनी विचारलं. यावर माझ्या विद्यार्थिनीने 'शितावरून भाताची परीक्षा, सर' असं उत्तर दिलं आणि साहेब पहिल्यांदा हसले. परवानगीचं पत्र त्यानंतर निघालं. हसण्यामुळे निघालं असं माझं ठाम मत आहे.

पत्र हातात आलं, आम्ही पेढे वाटले, आणि मग मी ते नीट वाचलं. 'नमुने कार्यालयीन वेळेत घ्यावेत.'

आता हे जरा समजून घ्या. शहर सकाळी उठतं, संडासात जातं, आणि तेच पाणी थोड्या वेळाने प्रकल्पापर्यंत पोचतं. आमच्याकडे सात ते साडेआठ हा भर. चोवीस तास थोडं थोडं पाणी ओढणारं स्वयंचलित यंत्र असेल तर वेळेचा प्रश्न उरत नाही, पण त्याची किंमत मुलींच्या सगळ्या अभ्यासप्रकल्पाच्या बजेटपेक्षा जास्त. बाटलीने एकदाच नमुना घ्यायचा तर भरातच घ्यावा लागतो आणि दर वेळी त्याच वेळेला. अकरा वाजता येतं ते भांडी, कपडे आणि लादी पुसल्याचं पाणी. त्यात फिनेल, आणि फिनेल पीसीआरला नडतं.

म्हणून पुन्हा त्याच खुर्चीसमोर बसून, चाळिशी ओलांडलेल्या बाईने, एका पुरुष अधिकाऱ्याला लोक संडासात केव्हा जातात हे समजावून सांगायचं. त्यांनी खिडकीबाहेर पाहत ऐकलं. म्हणाले, सुधारित पत्रासाठी नवा अर्ज करा. फाल्यां येयात, म्हणजे उद्या या.

ही गाठ सोडवली ती प्रकल्पावरच्या शिफ्ट ऑपरेटर बाबांनी. पहिल्या दिवसापासून ते सांगत होते, "सातांक येयात, तेन्ना उदक दाट आसता." (सातला या, तेव्हा पाणी दाट असतं.) पत्र त्यांना दाखवलं तर म्हणाले, प्लांट चोवीस तास चालतो, आमची शिफ्ट सहाला लागते, इथलं ऑफिस तेव्हाच उघडतं. मी तशीच कार्यालयात गेले आणि नवा अर्ज न करता एवढंच मागितलं की 'कार्यालयीन वेळेत' खोडून 'प्रकल्पाच्या शिफ्टच्या वेळेत, ऑपरेटरच्या उपस्थितीत' करावं. पेनाने खोडलं, बाजूला आद्याक्षरं, गोल शिक्का. पाच मिनिटांचं काम. मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि चक्क रडले, रागाने की सुटल्यामुळे ते माहीत नाही.

पुढचं काम सरळ झालं. बाटली दोरीने सोडायची, प्लास्टिक अडवणाऱ्या जाळीच्या पलीकडे. बर्फात घालून आणायची, चार अंशांवर ठेवायची, गोठवायची नाही. साठ अंशांवर तासभर तापवून मगच उघडायची. पीईजी (विषाणू तळाशी बसवणारं रसायन) आणि मीठ घालून रात्रभर ठेवलं, सेंट्रिफ्यूज केलं की तळाशी करडा ठिपका बसतो, त्यातून आरएनए. आरटी-पीसीआर एका ओळखीच्या संस्थेच्या मशीनवर. सीटी आकडा (कितव्या फेरीत मशीनला विषाणू दिसला तो) साधारण ३.३ ने कमी आला की विषाणू दहापट जास्त. काहीच आलं नाही तर घाबरू नका, आरएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. सांडपाण्यातल्या घाणीने क्रिया अडलेली असते, पातळ केल्यावर सुटते.

टँकरचं राहिलं. गोव्यातली बहुतेक घरं आजही सेप्टिक टँकवर आहेत. डिचोलीतलं माझं माहेरघरही तसंच, म्हणजे आमच्या नमुन्यांत माझी आई कधीच येणार नाही. हे टँक उपसणारे टँकर प्रकल्पावर येऊन रिकामे होतात. त्यांच्या पोटात महिनोन् महिने जुना गाळ असतो. टँकर खाली झाल्यावर नमुना घेतलात तर त्या आठवड्याचा आकडा फुकट. ऑपरेटरला आधी विचारा, टँकर कुठल्या चेंबरमध्ये सोडतात, आणि तुम्ही त्याच्या वरच्या अंगाला उभ्या राहा.

पाऊस हा दुसरा त्रास. जून लागला की गटारात पावसाचं पाणी शिरतं आणि सगळं पातळ होतं. विषाणू कमी झाला की पाणी वाढलं, कळत नाही. यासाठी मिरचीवरच्या एका विषाणूचा उपयोग होतो, पेपर माइल्ड मॉटल व्हायरस. तो झाडाचा, माणसाला काही करत नाही. मिरची खाल्ली की पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो. तोही सोबत मोजायचा आणि करोनाचा आकडा त्याच्या तुलनेत पाहायचा. गोव्यात हा विषाणू कधी कमी पडणार नाही याची मला खात्री होती. डिसेंबरात मात्र हिशेब अवघड होतो. शहरात किती माणसं आहेत हेच ठाऊक नसतं, त्यामुळे 'दर हजारी' असा आकडा मांडू नका, चढउतार तेवढा दाखवा.

आणि हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: टायफॉइड, हेपॅटायटिस ए आणि धनुर्वाताच्या लशी अर्ज टाकला त्याच आठवड्यात घ्या. लस टोचली म्हणजे दुसऱ्या दिवशी संरक्षण मिळत नाही, आणि फाईल वर गेलेली असताना तुमच्याकडे वेळच वेळ असतो. हातमोजे दोन थर. गॉगलवर आपल्या हवेत वाफ धरते, त्यापेक्षा फेस शील्ड बरी. ऑपरेटर उघड्या हातांनी काम करताना दिसतील. त्यांना लाजून आपले मोजे काढू नका, जास्तीची जोडी त्यांना द्या. आम्ही दिली, वापरली मात्र कुणी नाही.

आमच्या पत्राची मुदत मार्चअखेर संपते. नूतनीकरणाचा अर्ज आत्ताच इनवर्ड करून नंबर घेतलाय, सोबत त्या दुरुस्त पत्राची झेरॉक्स, वेळेच्या ओळीवर पिवळं हायलायटर मारून.