खांबांच्या मापांची वही: आमची वाटचाल

हडपसरच्या आमच्या शेडमध्ये खिळ्याला एक वही टांगलेली आहे. पंढरपूरच्या मंदिरात आम्ही ज्या ज्या खांबाला फुलं बांधतो, त्याचं माप तिच्यात आहे. घेर, उंची, नक्षी कुठे पुढे आली आहे, फुलांच्या पट्ट्याची नाडी कुठे बसते आणि कुठे बांधायचीच नाही. लग्नाचे मंडप, गणपतीच्या आराशी हा आमचा पोटाचा धंदा आहे. पण आमच्याकडे नवीन पोरगा कामाला आला की त्याला आधी ही वही वाचायला देतो.

मी १९९८ साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाई मंडईजवळ हार विकायच्या. दोन टोपल्या, एक पाट आणि पहाटे चारला मार्केट यार्ड, एवढाच पसारा. गुलटेकडीच्या फूलबाजारात त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती झेंडूच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायची. वरची फुलं सगळ्यांचीच टवटवीत दिसतात. आत हाताला ऊब लागली तर माल तापलाय, संध्याकाळपर्यंत काळा पडणार. आजही माझा हात आधी आत जातो, भाव नंतर विचारते.

हारांवरून मंडपांवर, मंडपांवरून मोठ्या कामांवर आलो. त्यात दहा-बारा वर्षं गेली. २०१३ साली एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं, "ताई, आषाढीला पांडुरंगाला फुलांची सेवा द्यायची आहे, कराल का?" नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. तेव्हाच आम्ही ठरवलं की फुलांचे आणि गाडीचे पैसे घ्यायचे, मजुरी घ्यायची नाही. तो नेम अजून पाळतो.

मंडपात खिळा ठोकता येतो, तार ताणता येते. इथे सगळा जुना दगड. मंदिरातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख तर शके ११९५ ते ११९९ मधला आहे, म्हणजे सातशे चाळीसहून जास्त वर्षांपूर्वीचा. मंदिराला ज्यांनी दान दिलं त्यांची नावं त्याच्यावर कोरलेली आहेत. अशा दगडाला खिळा सोडाच, चिकटपट्टीसुद्धा लावायची नसते.

आणि रांग थांबत नाही. आषाढीच्या आधी देवाचा पलंग निघाला की देव झोपत नाही, चोवीस तास दर्शन चालू. अठरा-वीस दिवस चालून आलेल्या माणसाला आमच्या शिडीसाठी थांबा म्हणायचं कुठल्या तोंडाने? म्हणून एका वेळी एकच खांब घ्यायचा. "माऊली, जरा अंग चोरून घ्या," म्हणत दोघांनी शिडी धरायची, एकाने वर बांधायचं.

पहिल्या वर्षी आमची मोठी चूक झाली. मंडपाच्या सवयीने हिरवा फोम भिजवून नेला होता आणि त्यात जरबेरा खोचला होता. रात्री साडेबाराच्या सुमारास फोममधून पाणी गळायला लागलं. खाली फरशी, वर अनवाणी पाय. एक आजोबा घसरले. मागच्या दोघांनी त्यांना वरच्या वर झेललं म्हणून निभावलं. माझ्या पोटात गोळा आला. सगळा फोम त्याच रात्री उतरवला, अंगावरच्या शाली आणि चादरींनी फरशी कोरडी केली. त्यानंतर मंदिरात आम्ही फोम नेलेला नाही.

मग आमच्या मोठ्या दिरांनी पट्टे करायची युक्ती काढली. सुती कापडाचा रुंद पट्टा, आतून मऊ गोणपाट, वर दाट ओवलेला झेंडू आणि शेवंती. पुण्यातच खांबाच्या मापाने शिवायचे, क्रमांक घालायचे, तिथे नुसती नाडी आवळायची. वजन दगडावर येत नाही, पाणी गळत नाही, एक खांब दहा मिनिटांत होतो. वहीची सुरुवात इथून झाली.

आषाढात लग्नं नसतात, त्यामुळे फुलांचा भाव तसा आवाक्यात असतो. खरी भीती पावसाची. भिजलेला झेंडू वजनाला भरतो आणि सहा तासांत सडतो. २०१७ साली एका व्यापाऱ्याने वर कोरडा, तळाला ओला असा माल क्रेटमध्ये भरून दिला. टेंभुर्णीला गाडी थांबवून बघितलं तर निम्मा गेलेला. तेव्हापासून झेंडू आम्ही थेट शेतकऱ्याकडून घेतो आणि गाडीत क्रेट अर्धेच भरतो. कार्तिकीला उलटं. हवा कोरडी, माल टिकतो, पण तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू व्हायची असते, भाव चढायला लागतात. वसंत पंचमी फेब्रुवारीत आली तर मावळातला गुलाब व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशी जात असतो, आमच्या हाती लागत नाही. मग गुलछडी आणि पांढरी शेवंती.

२०२० साली १ जुलैला आषाढी होती. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, मंदिर भाविकांना बंद. आमच्या ओळखीच्या शेतकऱ्याने उभ्या झेंडूत रोटाव्हेटर फिरवला आणि मला फोन करून रडला. आमच्याकडेही आठ महिने काम नव्हतं. दोन गाड्या विकल्या, माणूस एकही कमी केला नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये जतनाच्या कामासाठी पदस्पर्श दर्शन बंद झालं, ते २ जूनला पुन्हा सुरू झालं. मूळ दगडावर पुढच्या काळात बसवलेलं आच्छादन या कामात काढून दगड मोकळा केला होता. आम्ही नेहमीचे पट्टे घेऊन गेलो, तर गाभाऱ्याजवळचे सैल पडले. माप बदललं होतं! तिथेच बसून सुई-दोऱ्याने पट्टे आत घेतले. पण काळ्या दगडावर पिवळी शेवंती काय उठून दिसली म्हणून सांगू. वहीची ती पानं आम्ही नव्याने लिहिली.

त्या रात्री नऊवारीतल्या एक आजी रांगेतून पुढे सरकता सरकता माझ्यापाशी आल्या. दर्शन चार पावलांवर होतं. हळूच म्हणाल्या, "बाय, एवढ्या फुलांनी देवाला उकडत नाही ना?" मी म्हटलं, "नाही आजी, सगळी मोकळी बांधलीत, वारा जातो." त्यांनी मान हलवली आणि पुढे गेल्या. गाभाऱ्यातली आरास आम्ही पुढच्या खेपेला आणखी विरळ केली.