मेळ्यातून जुनं घड्याळ घेताना

संग्राहकांच्या मेळ्यात जाण्याआधी मी एकच गोष्ट पक्की केली होती, ती म्हणजे काय घ्यायचं नाही. टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलावर मखमली ट्रे, आणि दर दुसऱ्या ट्रेमध्ये जीव अडकेल असं काहीतरी. ठरवून गेलं नाही तर माणूस भलतंच काहीतरी मनगटावर बांधून बाहेर पडतो. मला हवं होतं ओमेगाचं चावीचं घड्याळ, १९५०च्या दशकातलं, पोलादी केसचं, म्हणजे पोलादी बाह्य कवचाचं, सेकंदाचा छोटा काटा खाली वेगळ्या वर्तुळात असलेलं. हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारं ऑटोमॅटिक नको होतं, स्टॉपवॉचची सोय असलेलं क्रोनोग्राफ तर नकोच नको.

यामागे हिशेब होता. ओमेगाचं ३० मिलिमीटर व्यासाचं मशीन १९३९ साली आलं आणि थोडेफार बदल होत १९६३च्या आसपासपर्यंत बनत राहिलं. संख्या मोठी, रचना साधी, त्यामुळे त्याचे सुटे भाग आजही मिळतात. ही बाब वाटते त्याहून महत्त्वाची आहे. १९६९च्या डिसेंबरमध्ये सेकोनं अ‍ॅस्ट्रॉन हे बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणलं आणि पुढच्या दशकभरात स्वित्झर्लंडमधले कितीतरी कारखाने बंद पडले. त्यांच्याबरोबर सुट्या भागांचे साठेही गेले. एखाद्या विस्मृतीत गेलेल्या कंपनीचं दुर्मिळ मशीन ट्रेमध्ये फार मोहक दिसतं, पण त्याचा बॅलन्स स्टाफ, म्हणजे मागेपुढे झुलत वेळ राखणाऱ्या बॅलन्स चाकाचा आस, तुटला की घड्याळजी हात वर करतो.

बरोबर नेलं होतं ते दहापट मोठं दाखवणारं भिंग, अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च आणि वही. मोबाइलवर टिकटिक मोजणारं अ‍ॅप मेळ्याच्या गलक्यात निरुपयोगी ठरतं, त्यावर भिस्त ठेवू नये.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. बाईमाणूस टेबलापाशी थांबलं की विक्रेत्याचा हात आपोआप नखाएवढ्या सोनेरी घड्याळांकडे जातो. ती वाईट नसतात, मागणी कमी असल्यानं स्वस्तात मिळतात, पण त्यांची इवलीशी मशीन दुरुस्त करायला घड्याळजी कुरकुरतात. मला हवी होती ती ‘पुरुषांची’ घड्याळंच, आणि त्या काळात ती साधारण ३३ ते ३५ मिलिमीटरची असत. आजच्या पुरुषांना ती लहान वाटतात. माझ्या मनगटाला ती अगदी नेमकी बसतात, म्हणून मला बरंच.

बघण्याचा माझा क्रम ठरलेला आहे आणि त्यावरून माझे बऱ्याच जणांशी वाद होतात. बहुतेक जण घड्याळ हातात आलं की कानाला लावतात. मी आधी तबकडी बघते, मग केस, आणि मशीन सगळ्यात शेवटी. बिघडलेलं मशीन सुधारता येतं, झिजलेला भाग बदलता येतो. तबकडी एकदा पुसून नव्यानं छापली की मूळ तबकडी कायमची गेली. आणि मेळ्यातल्या झगझगीत घड्याळांमध्ये अशा रीडायलचा भरणा फार असतो. सत्तर वर्षं जुन्या घड्याळाचा चेहरा बर्फासारखा पांढरा दिसला की मी आधी भिंग काढते.

भिंगाखाली काय बघायचं? मूळ छपाईतल्या अक्षरांच्या कडा धारदार असतात आणि शाई किंचित उठलेली दिसते. नव्यानं छापलेल्या तबकडीवर अक्षरं जाड, जरा पसरलेली, त्यांच्यातलं अंतर कमीजास्त. मिनिटांच्या खुणा तासांच्या खुणांशी जुळतात का, छोट्या सेकंदाचं वर्तुळ मध्यावर आहे का, तळाचं ‘स्विस मेड’ जागेवर आहे का, हे एकेक करून तपासायचं. काटेही बघायचे. मिनिटकाटा मिनिटांच्या खुणांपर्यंत पोचत नसेल, तर तो बहुधा दुसऱ्या घड्याळाचा आहे.

एका टेबलावर अगदी मला हवं तसं घड्याळ होतं. विक्रेता म्हणाला, १९५४चं आहे. तबकडीच्या तळाशी ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना बारीक ‘टी’ छापलेला होता. हा ‘टी’ ट्रिशियम या किरणोत्सर्गी पदार्थाचा. स्विस घड्याळांत अंधारात चमकणाऱ्या रंगासाठी १९६०च्या दशकात रेडियम मागे पडून ट्रिशियम आलं, तेव्हा ही खूण सुरू झाली. म्हणजे एकतर घड्याळ नंतरचं, नाहीतर तबकडी बदललेली. मी तसं बोलून दाखवलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘बदललीही असेल, मी कुठे तेव्हा बघायला होतो!’ उत्तर प्रामाणिक होतं, तरी मी घड्याळ परत ठेवलं.

टॉर्चचा उपयोगही इथेच. ट्रिशियमचं अर्धआयुष्य बारा वर्षांच्या थोडं वर, त्यामुळे त्या काळातल्या खुणा आता स्वतःहून चमकत नाहीत. टॉर्च मारली तर उजळतात, बंद केली की लगेच मावळतात. टॉर्च विझल्यावरही हिरवा प्रकाश बराच वेळ टिकला, तर तो रंग अलीकडे भरलेला समजावा. रेडियमची गोष्ट वेगळी. त्याचं अर्धआयुष्य सोळाशे वर्षं. चमकणारा पदार्थ जळून गेलेला असतो, किरणोत्सर्ग मात्र तसाच चालू असतो. म्हणून रेडियमची तबकडी असलेलं घड्याळ मी घरी उघडत नाही. ती धूळ नाकातोंडात जायला नको.

शेवटी जे सापडलं त्याला चमकणारे काटेच नव्हते, त्यामुळे हा प्रश्न मिटला. तबकडी मलईच्या रंगाची झालेली, चारच्या आकड्याशेजारी एक डाग. मला डाग आवडला असं म्हणणार नाही, पण तो मूळ तबकडीवरचा होता. केसच्या चारही लगांच्या, म्हणजे पट्टा अडकतो त्या पायांच्या, कडा अजून टोकदार होत्या. वारंवार पॉलिश केलेल्या केसमध्ये या कडा गोल होतात, पाय बारीक दिसू लागतात, आणि गेलेलं पोलाद परत येत नाही. ओरखडे भरपूर होते. असू देत.

मग झाकण उघडायला सांगितलं. याबाबतीत मी भीड ठेवत नाही. ‘उघडायचं हत्यार आणलेलं नाही’ असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढं जायचं. आत तांबूस रंगाचं मशीन, त्यावर २६७ हा आकडा आणि १ कोटी ५० लाखांच्या थोडा पुढचा क्रमांक. ओमेगाच्या क्रमांकांच्या प्रचलित तक्त्यांनुसार तो १९५६च्या आसपासचा, म्हणजे केसच्या घडणीशी जुळणारा. झाकणाच्या आतल्या बाजूला जुन्या घड्याळजींनी टोकदार सुईनं कोरलेल्या खुणा होत्या. अशा खुणा मला धीर देतात, कारण कुणीतरी वेळच्या वेळी तेलपाणी केलेलं असतं. स्क्रूंची डोकी फारशी चेचलेली नव्हती. चावीच्या दांड्याजवळ गंज नव्हता, आणि पाणी आत शिरलं तर पहिला गंज तिथेच धरतो.

शेजारच्या टेबलावर घड्याळाचे ठोके ऐकून वेग मोजणारं टायमिंग मशीन होतं. त्यावर घड्याळ ठेवलं. ओमेगाचं हे २६७ मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. वेगात दिवसाला मिनिटभराच्या आतलाच फरक होता, पण बॅलन्सचा झोका तबकडी वर ठेवूनही २१० अंशांच्या वर जाईना. पूर्ण चावी दिलेल्या, नीट साफ असलेल्या घड्याळात तो २७०च्या आगेमागे हवा. अर्थ उघड होता: तेल वाळलंय, सर्व्हिसिंग करावंच लागणार.

घासाघीस मी याच आकड्यावर केली. ‘कमी करा ना’ म्हटलं की विक्रेता सरावल्यासारखा हसतो. ‘सर्व्हिसिंगचा खर्च माझ्या अंगावर आहे, तो वजा करा’ म्हटलं की बोलणं वेगळ्या वळणावर जातं. वेळही महत्त्वाची. सकाळी विक्रेते आपापसातच खरेदी करत असतात, चांगला माल तेव्हाच हलतो. भाव उतरतो तो मेळा आवरायच्या सुमारास. मी दुपारनंतर थांबायचा धोका पत्करला, कारण डाग असलेली तबकडी कुणी झडप घालून नेणार नाही असा माझा अंदाज होता.

पावतीवर मी तीन गोष्टी लिहून घेतल्या: मशीनचा क्रमांक, केसचा क्रमांक आणि ‘तबकडी मूळ आहे’ हे वाक्य. तोंडी सगळेच छातीठोकपणे सांगतात. लिहायची वेळ आली की काहींचं पेन अडतं, आणि त्यातूनच आपल्याला कळायचं ते कळतं. याने लिहून दिलं.

घड्याळजींनी मशीन सुटं करून धुतलं, स्प्रिंग नवी घातली, तेल दिलं. झोका २६५वर आला. पाण्यापासून मात्र जपायला त्यांनी बजावलं. केसवर जलरोधक लिहिलेलं असलं तरी इतक्या जुन्या केसच्या बाबतीत ते लिहिलेलंच राहतं, म्हणून हात धुताना मी ते काढून ठेवते.

चावी मात्र मूळची नाही, तिच्यावर ओमेगाचं चिन्ह नाही. हे घेतानाच दिसलं होतं आणि भावात धरलं होतं. घड्याळजींनी दांड्याच्या आट्यांचं आणि चावीच्या व्यासाचं माप एका चिठ्ठीवर लिहून दिलंय. मेळ्यात एका कोपऱ्यात सुट्या भागांची टेबलं असतात, डबेच्या डबे भरून चाव्या, काटे, काचा. पुढच्या खेपेला मी आधी तिकडेच जाणार आहे.