बावीस विजय, एक बरोबरी आणि आण्णांचा प्रश्न

सांगलीत फुटबॉल म्हटलं की लोक कोल्हापूरकडं बोट दाखवतात, आपल्याकडं कुस्ती नायतर कबड्डी, त्यामुळं मी शिकागोत बसून कॉलेजच्या सॉकरचं, म्हणजे आपल्या फुटबॉलचंच, कौतुक सांगायला लागलो की घरच्या ग्रुपवर नुसत्या हसायच्या स्मायल्या पडतात. पडू देत. पण शिकागो युनिव्हर्सिटीच्या पोरांनी २०२२ मध्ये जे केलं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाय.

अख्ख्या सीझनमध्ये २२ विजय, १ बरोबरी, हार शून्य! आणि वर नॅशनल चॅम्पियन, ३ डिसेंबरला व्हर्जिनियातल्या सेलममध्ये फायनल झाली, विल्यम्स कॉलेजला २-० हरवलं.

आण्णांना फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "ती एक बरोबरीत का सुटली?" कुंडलच्या मैदानात आयुष्य गेलेला माणूस, तासभर खडाखडी करून सोडवलेली कुस्ती म्हणजे त्यांच्या लेखी दोघंपण हरले. मी म्हटलं, आण्णा, इथं त्याच वर्षी नियम बदलला, साखळी सामन्यातला जादा वेळच काढून टाकला, ९० मिनिटं झाली की विषय संपला, मग एखादी बरोबरी होणारच की. बाद फेरीत मात्र जादा वेळ, नंतर पेनल्टी, तिथं निकाल लावतातच.

बाकी नियम पण जरा वेगळेच हायत. घड्याळ उलटं पळतं, ४५ वरनं शून्यावर, आणि शेवटची दहा सेकंदं मोठ्यानं मोजतात. बदली करून बाहेर काढलेला खेळाडू परत आत येऊ शकतो. मी बघायला गेलो तेव्हा दुसऱ्या हाफमध्ये एक पोरगं बाहेर आलं, बूट काढले, ओले मोजे पिळून बाकाखाली टाकले, कोरडे घातले आणि थोड्या वेळानं परत मैदानात! नोव्हेंबरात लेक मिशिगन या तळ्यावरनं जो वारा येतो ना, त्यात मला तर ग्लव्ह्जमधनं हात बाहेर काढवत नव्हता.

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे ही डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेजच्या खेळांचा तिसरा गट, इथं खेळासाठी स्कॉलरशिप मिळतच नाय. म्हणजे मॅच संपली की पोरगं सॅक पाठीला लावून लायब्ररीत, कारण ऑगस्टअखेर ते डिसेंबर हा सीझन नेमका अभ्यासाच्या डोक्यावर येतो. एकपण मॅच हरलो नाय, हे ओझं जसजसं वाढतं तसतसं डोकं शांत ठेवणं अवघड, असं माझं मत, त्यापेक्षा एखादी मॅच लवकर हरून मोकळं झालेलं बरं.

कोच कोण तर ज्युलियान सिच, मुख्य कोच म्हणून तिथलं पहिलंच वर्ष. पुरुषांच्या टीमला एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळांची संघटना) सॉकरचं विजेतेपद मिळवून देणारी पहिली बाई. हे ऐकून आण्णा जरा थांबले. "पोरांना बाई शिकवती?" मग म्हणाले, "वस्ताद चांगला असला की झालं, बाई काय नि बुवा काय."

पुढच्याच वर्षी फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या मुलींनी डिव्हिजन वनमध्ये फायनलला स्टॅनफर्डला ५-१ असं धुतलं, आणि त्यांचा सीझनचा हिशोब पण तोच, २२ विजय आणि १ बरोबरी. हे आण्णांना अजून सांगितलेलं नाय, परत तोच प्रश्न येणार.