तुम्ही विचारलंत म्हणून: पाला बाटलीत किती वेळ ठेवायचा?

‘घरी गवती चहा घालून व्होडका केली, आठ दिवस ठेवली, तर नुसती कडू. तुमची का नाही होत?’ वेंगुर्ल्याला आमच्याकडे मे महिन्यात राहून गेलेलं कोणी ना कोणी पुढे फोनवर हे विचारतंच. उत्तर प्रश्नातच आहे: आठ दिवस.

जितकं मुरेल तितकं चांगलं, हा लोणच्याचा हिशेब इथे चालत नाही. आपल्याकडच्या बहुतेक व्होडकात 42.8 टक्के अल्कोहोल असतं, बाकी जवळजवळ सगळं पाणी. पानाचा वास त्याच्या तेलात असतो आणि ते तेल अल्कोहोलमध्ये भराभर उतरतं. ते उतरलं की मागोमाग हरितद्रव्य येतं, तुरटपणा येतो, कापलेल्या गवताचा उग्र दर्प येतो. त्यात आमच्याकडचा उकाडा. उष्णतेत हे सगळं आणखी लवकर होतं, म्हणून थंड देशातल्या कृतीत वाचलेला ‘एक आठवडा’ कोकणात धरून बसू नका.

मी अख्खी बाटली कधीच वापरत नाही. एक क्वार्टर, म्हणजे 180 मिली, काचेच्या स्वच्छ बरणीत ओतते. पाला धुऊन अगदी कोरडा करायचा आणि पूर्ण बुडेल असा घालायचा, वर तरंगणारं पान काळं पडतं. बरणी अंधाऱ्या कपाटात. एका बरणीत एकच पाला. तीन-चार एकत्र घातले की खोकल्याच्या औषधासारखं काहीतरी तयार होतं.

गवती चहाच्या पातीपेक्षा खालचा पांढरट बुंधा चांगला. तो वरवंट्याने जरासा ठेचून घातला की दोन दिवस पुरतात. कढीपत्त्याची एक डहाळी रात्रभर. पानओव्याचं ते जाड, लवदार पान एकच आणि तेही दोन तास, नाहीतर प्यायल्यावर पोटदुखीवरचा काढा आठवतो. तुळशीला चार-पाच तास खूप झाले. तुळस विहिरीजवळ आपोआप उगवलेली घ्यायची. अंगणातल्या तुळशीबद्दल सासूबाईंचा निकाल पक्का आहे: ‘वृंदावनातल्या तुळशीक हात लावलंस तर बघ!’ बाकी बाटलीवर त्यांची हरकत नाही.

माझं खरं प्रेम तिरफळावर. बांगड्याच्या तिखल्यात आपण घालतो तेच. शेझवान मिरी म्हणतात ती याच्याच कुळातली. वाळलेलं तिरफळ तळहातावर घेऊन बघा: टरफल उकललेलं, आत काळं चकचकीत बी. बी काढून टाकायचं. वास, चव सगळी टरफलात. क्वार्टरला पाच-सहा टरफलं पुरतात. तासाभराने चमच्याच्या टोकावर घेऊन चाखायला सुरुवात करायची. आधी लिंबाच्या सालीसारखा वास येतो, मग जिभेच्या शेंड्याला बारीक मुंग्या येतात. मुंग्या आल्या की लगेच मलमलच्या फडक्यातून गाळायचं. अजून थोडं राहू दे म्हणालात तर जीभ बधिर होते आणि पुढचं जेवण वाया जातं.

परसात सगळा पाला टवटवीत असतो तो श्रावणात, आणि नेमकी तेव्हा आमच्याकडे बाटली कपाटाबाहेर येत नाही. गणपती गेल्यावर बघू.

आता ग्लासात काय. पोलंडमध्ये झुब्रोव्का नावाची व्होडका आहे, बियालोव्हिएझाच्या जंगलाच्या बाजूला होणाऱ्या एका सुवासिक गवताची. बाटलीत त्या गवताची एक काडी सोडलेली असते आणि ती सफरचंदाच्या रसात घालून पितात. म्हणजे पाला तिथला, फळही तिथलंच. मीही तेच धोरण ठेवलंय. तिरफळाच्या 45 मिलीत दोन छोटे चमचे कोकम आगळ, चार चमचे साखरेचा पाक, भरपूर बर्फ, वर सोडा. आगळात मीठ असतं, म्हणून वरून घालायचं नाही. बाजारातलं अमृत कोकम घेतलंत तर पाक नको, ते आधीच गोड असतं. गवती चहाची व्होडका मी शहाळ्याच्या गार पाण्यात घालते, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, साखर अजिबात नाही. शहाळं समोर फोडलेलं हवं. डब्यातल्या पाण्याने हे जमत नाही. तुळशीची पन्ह्यात छान लागते, पण पन्ह्यात वेलची घातलेली नसावी, दोघींचं पटत नाही. सोलकढीत व्होडका घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांना सोलकढी देत नाही.

फेणी का नको, असंही विचारतात. गोवा इथून हाकेच्या अंतरावर, म्हणून. पण काजूच्या फेणीला स्वतःचाच वास एवढा असतो की तिच्यापुढे तुळस काय बोलणार? शिवाय तिकडून बाटली आणायची तर परवाना लागतो. इकडेही प्यायला परवाना आणि वयाची 25 वर्षं लागतातच. आणि रानातला अनोळखी पाला बरणीत घालायचा नाही, कुणी कितीही ‘औषधी आहे’ म्हणालं तरी. जे आपण एरवी जेवणात किंवा चहात घालतो तेवढंच.

राहिला ब्रँड. मधल्या किमतीची, स्वतःचा वास नसलेली कुठलीही साधी व्होडका चालते; ग्रीन ॲपल, व्हॅनिला वगैरे नको. परदेशातून कुणी महागडी बाटली आणून दिली असेल तर ती तशीच प्या. तिच्यात पानओवा कोंबू नका.