झाडं परत येतील हो, पण खालच्या मातीचं काय?

परवा फॅमिली ग्रुपवर मामांनी विचारलं, "तुमच्या कॅनडात दरवर्षी एवढी जंगलं जळतात, पण झाडं परत उगवतातच ना? मग धुरातून गेलेला कार्बन नवीन झाडं ओढून घेणार, हिशोब फिटला की. एवढी बोंब कशाला?" प्रश्न एकदम रास्त आहे. उत्तर टाईप करायला बसलो तर ते संपेचना, म्हणून इथे लिहितोय. मामा, लिंक पाठवतो, चष्मा लावून वाचा.

पहिली अडचण अशी की वणवा म्हटलं की आपल्याला आठवतो तो आपल्याकडचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीच्या उतारावर पेटलेलं वाळलं गवत, नाहीतर विदर्भात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि ती आग पसरते ते. नुकसान त्यातही होतंच, पण आग बहुतेक वेळा वरवरची, पालापाचोळा आणि गवत खाऊन पुढे सरकते, मोठा साग किंवा ऐन बुंध्याशी काळा होऊन तसाच उभा राहतो. आणि मातीवर जळण्यासारखं फार काही साठलेलंच नसतं कारण आपल्याकडची गरमी, पाऊस आणि वाळवी मिळून पडलेला पाला वर्ष-दोन वर्षांत संपवून टाकतात.

इथे उत्तरेत उलटं आहे. मी अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनला राहतो, इथून उत्तरेला गाडी काढली की काही तासांत ब्लॅक स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची जंगलं सुरू होतात. झाडं बघून कुणी फोटोसुद्धा काढणार नाही, काटकुळी, बुटकी, शंभर वर्षांचं झाड पण मनगटाएवढ्या खोडाचं असू शकतं. पण आत पाऊल टाकलं की बूट रुततो, कारण खाली माती लागतच नाही, लागतं ते शेवाळ, त्याखाली अर्धवट कुजलेलं शेवाळ, त्याखाली अजून जुनं काळपट शेवाळ आणि मुळं, कुठे वीतभर कुठे हातभर, आणि दलदलीच्या भागात तर पीटचे (अशा अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे) थर माणूस बुडेल इतके खोल. थंडी आणि ओल यामुळे कुजायची प्रक्रिया इतकी सावकाश चालते की जेवढं पडतं तेवढं कुजत नाही, साठत जातं, शेकडो नाही हजारो वर्षं. त्यामुळे या जंगलातला बहुतेक कार्बन झाडात नाहीये, पायाखाली आहे.

आणि आग लागली की जळतं ते हेच. झाडाचे शेंडे भडकतात, टीव्हीवर तेच दिसतं, पण खोड बऱ्यापैकी शिल्लक राहतं. खरा माल जातो तो जमिनीतून, धुमसत धुमसत. 2014 साली नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये, म्हणजे अल्बर्टाच्या उत्तरेच्या भागात, साधारण 28.5 लाख हेक्टर जळालं, त्यातून नऊ कोटी टनांहून जास्त कार्बन हवेत गेला आणि त्यातला बहुतेक सगळा जमिनीतल्या थरातून.

आता तुम्ही विचाराल की जळून गेलेली जमीन मोजतात कशी. मला तर हा सगळ्यात भारी भाग वाटतो. ब्लॅक स्प्रूसच्या भोवती शेवाळ वर वर चढत जातं, तसं ते झाड खोडातूनच नवीन मुळं काढत जातं, त्या वरच्या शेवाळात. आगीत शेवाळ जळून जातं आणि ती मुळं हवेत लटकत राहतात. मग संशोधक पट्टी घेऊन गुडघ्यावर बसतात आणि लटकणाऱ्या मुळापासून खालच्या काळ्या जमिनीपर्यंतचं अंतर मोजतात, त्यात थोडी दुरुस्ती करून किती खोल थर गेला ते कळतं. कोट्यवधी टनांचे ते आकडे येतात त्याच्या तळाशी असा कुणीतरी डास मारत बसलेला असतो.

त्याच 2014 च्या आगींवर पुढे 2019 मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात एक पेपर आला, झँथी वॉकर आणि सहकाऱ्यांचा, त्यात मामांच्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे. मामांचा हिशोब चुकीचा नाहीये पण त्याला एक अट आहे, ती म्हणजे दोन आगींच्या मध्ये पुरेसा वेळ पाहिजे. या भागात पूर्वी एकाच जागी परत आग यायला साधारण 70 ते 130 वर्षं लागायची. तेवढ्या काळात शेवाळाचा नवीन थर साठतो, पुढची आग तो नवीन थर खाते आणि खालचा जुना तसाच राहतो. दर आगीत थोडं जातं पण थोडं मागेही उरतं, आणि हे असं उरत उरत हजारो वर्षांत एवढा मोठा साठा झालाय. या लोकांनी रेडिओकार्बन डेटिंग (कार्बन किती जुना ते मोजायची पद्धत) लावून बघितलं की जळालेला कार्बन त्या जंगलाच्या वयापेक्षा जुना होता का. जुन्या जंगलांमध्ये तसं काही सापडलं नाही. पण जी जंगलं आग लागली तेव्हा साठ वर्षांपेक्षा तरुण होती त्यातल्या 45 टक्के ठिकाणी मागच्या आगींतून वाचलेला जुना कार्बन जळालेला होता. म्हणजे आग लवकर परत आली तर नवीन थर पुरत नाही आणि ती साठ्यात हात घालते. आणि आता उन्हाळे तापतायत, जमीन जास्त वाळतेय, विजा पडून लागणाऱ्या आगीही अलास्का आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये वाढल्यात, त्यामुळे तो मधला काळच आखडत चाललाय.

विझवणं हा अजून एक वैताग. आपल्याकडे रात्री चुलीतली गोवरी राखेखाली झाकून ठेवली की सकाळी निखारा जिवंत असतो ना, तसंच पीटमध्ये आग महिनोन्महिने राहते, वर बर्फ पडलं तरी. म्हणून इथले फायरफायटर ज्वाळा गेल्यावर हातमोजा काढून उघड्या हाताने जमीन चाचपत फिरतात, कुठे ऊब लागते का बघत, आणि लागली की खणून पाणी मारायचं. आमच्या अल्बर्टातल्या फोर्ट मॅकमरीची 2016 च्या मे महिन्यातली आग आठवत असेल, 88,000 लोकांना बाहेर काढलं होतं, ती पूर्ण विझली असं जाहीर व्हायला 2017 चा ऑगस्ट उजाडला. आणि 2023-24 च्या हिवाळ्यात एकट्या ब्रिटिश कोलंबियात नव्वदहून जास्त आगी जमिनीखाली धुमसत होत्या, उणे तापमानात.

2023 म्हणजे तर कहर होता. मे महिन्यातच अल्बर्टात आणीबाणी, आमच्या घराच्या खिडक्या बंद, फर्नेसचे फिल्टर दुकानात मिळेनात, मुलांना भर उन्हाळ्यात घरात कोंडून ठेवलेलं. जूनमध्ये धूर न्यूयॉर्कला पोचला आणि जगाला बातमी कळली (आम्ही महिनाभर खोकत होतो त्याची नाही कुणाला पडली). ऑगस्टमध्ये यलोनाइफ हे नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या राजधानीचं अख्खं शहर रिकामं केलं. वर्षअखेर साधारण दीड कोटी हेक्टर जळालेलं, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास निम्मं क्षेत्रफळ. नासाच्या ब्रेंडन बर्न यांच्या टीमने सॅटेलाइटवरून हिशोब काढला तो 64.7 कोटी टन कार्बन, मे ते सप्टेंबर फक्त. कार्बन डायऑक्साइडमध्ये मोजाल तर सुमारे 237 कोटी टन. वर्षभरात कोळसा-तेल-गॅस जाळून यापेक्षा जास्त कार्बन सोडणारे देश तीनच, चीन, अमेरिका आणि आपला भारत. कॅनडा स्वतः वर्षाला जे इंधन जाळतो त्याच्या चौपटीहून जास्त हा आकडा.

आणि हा धूर कॅनडाच्या उत्सर्जन कमी करायच्या टार्गेटमध्ये धरत नाहीत! नैसर्गिक आपत्ती म्हणून वेगळा काढतात. ठीक आहे, वीज पडली त्याला सरकार काय करणार, हे मला पटतं. पण तेच जंगल परत वाढून ठराविक वयाचं झालं की ते जो कार्बन ओढतं तो मात्र जमेच्या बाजूला धरतात, हे काही पटत नाही. हवेला काय, वीज पडून गेला की माणसाने जाळला, कार्बन तो कार्बन.

आता दुसरी बाजू पण सांगायला हवी, नाहीतर फक्त घाबरवलं असं होईल. अलास्कात 2004 साली प्रचंड आगी लागल्या, त्यानंतर मिशेल मॅक यांच्या टीमने त्या जागा तेरा वर्षं बघितल्या. जिथे आग खोल गेली होती तिथे ब्लॅक स्प्रूसऐवजी अॅस्पेन आणि बर्च आले, पानं गाळणारी झाडं, आणि ती इतक्या झपाट्याने वाढतात की एका आगीपासून पुढच्या आगीपर्यंतचा पूर्ण काळ धरला तर स्प्रूसपेक्षा जास्तच कार्बन साठवतील असं 2021 च्या पेपरात निघालं. शिवाय ही झाडं स्प्रूससारखी पटकन पेटत नाहीत. शिवाय आगीनंतर मोकळ्या जागेवर हिवाळ्यात बर्फ उघडं पडतं आणि ऊन परत फेकतं, तो थंडावा वेगळाच. म्हणजे मामा अगदीच चुकीचे नाहीत. माझी शंका एवढीच की तो कार्बन आता खोडात आणि फांद्यात आहे, थंड ओल्या जमिनीत नाही, आणि शेवाळाची गादी गेली की खालचा पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीन, उघडा पडून वितळायला लागतो, तिथे कार्बनचा वेगळाच साठा आहे आणि तो वितळून बाहेर पडायला लागला तर बर्चची झाडं त्याला पुरी पडतील असं मला तरी वाटत नाही.

यावर काही करता येतं का, तर एक प्रयोग चालू झालाय तो मला फार इंटरेस्टिंग वाटतो. अलास्कात प्रत्येक जागेला आगीच्या बाबतीत दर्जा दिलेला असतो, वस्ती असेल तर लगेच विझवायची, आणि निर्जन भागात नुसतं लक्ष ठेवायचं, जळू द्यायचं. 2023 मध्ये युकॉन फ्लॅट्स नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूजमधल्या 16 लाख एकरांचा दर्जा वाढवला, तिथे माणूस नाही घर नाही, फक्त खाली बर्फाने भरलेला जुना पर्माफ्रॉस्ट आहे म्हणून. आग लहान असतानाच विमानातून माणसं उतरवून विझवायची. विरोध करणारे म्हणतात की आज विझवाल तर जळण साठून उद्या मोठी आग लागेल, आणि हे सगळीकडे परवडणारही नाही, दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण फक्त जमिनीखालच्या कार्बनसाठी पैसे खर्च करून आग विझवायची हे तिथे तरी पहिल्यांदाच होतंय.