एडिटर आमचा, कमांड गिऱ्हाइकाची

कुठल्याही एडिटरच्या, म्हणजे प्रोग्राम किंवा मजकूर लिहायच्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंग्जमध्ये गेलं की रंग बदलता येतात, फॉन्ट मोठा करता येतो, फार तर दोन-चार शॉर्टकट आपल्या सोयीचे लावता येतात. बाजारात एवढंच 'कस्टमायझेशन' म्हणून विकलं जातं. आमच्या एडिटरात 'सेव्ह' केल्यावर नेमकं काय व्हायचं, हे वापरणारा स्वतः ठरवतो आणि त्यासाठी त्याला आम्हाला फोन करावा लागत नाही. ही गोष्ट पहिल्यापासून धरून ठेवली म्हणून कंपनी आज उभी आहे. ती आडवी करायला निघालेलेही भेटले, त्यांच्याबद्दल पुढे लिहितो. तेही लिहिलंच पाहिजे.

काम सुरू केलं २००६ साली, कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत, भाड्याच्या दोन खोल्यांत. मी आणि माझा इंजिनिअरिंगचा वर्गमित्र. ईमॅक्स आणि व्हिम हे दोन जुने एडिटर; तो ईमॅक्सवाला, मी व्हिमवाला, त्यामुळे वाद रोजचेच. पण ईमॅक्सची एक गोष्ट त्याने मला पटवली. १९७६ साली एमआयटीत ईमॅक्स जन्मला तो टेको नावाच्या आधीच्या एडिटरवर रचलेल्या मॅक्रोंचा, म्हणजे लिहून ठेवलेल्या कमांडांचा, संच म्हणून. पुढे १९८५ साली जीएनयू ईमॅक्स आला, त्यात सी भाषेतला गाभा आणि त्यावर बाकीचं बहुतेक सगळं लिस्प या भाषेत. एडिटर वापरणारा त्याच लिस्पमध्ये एडिटर बदलूही शकतो. आमच्या गिऱ्हाइकाच्या गळी लिस्प उतरणार नव्हती. रिओ दि जानेरोच्या विद्यापीठात १९९३ साली तयार झालेली लुआ ही भाषा मात्र आटोपशीर, सी++ च्या पोटात सहज बसणारी, आणि तिची ५.१ आवृत्ती नेमकी २००६ सालीच आली होती. तीच घेतली.

मित्राचा हट्ट असा, की एखादं अक्षर टाइप होणं हीसुद्धा कमांडच असली पाहिजे. कळ दाबली की तिच्यावरून कमांडचं नाव मिळतं, नावावरून लुआतलं फंक्शन चालतं. फाइल उघडल्यावर, सेव्ह करण्याआधी, सेव्ह झाल्यावर, अशा प्रत्येक ठिकाणी गिऱ्हाइकाला स्वतःचं फंक्शन टांगायला हुक. मेनूतला एकही पर्याय गाभ्यात लिहिलेला नाही. गाभ्यात फक्त मजकूर, अनडू आणि पडद्यावर चितारणं.

मजकूर मेमरीत ठेवण्यासाठी (त्या जागेला बफर म्हणतात) आम्ही पीस टेबल ही रचना निवडली. मूळ फाइल जशीच्या तशी, तिला हात लावायचा नाही. नवीन टाइप झालेलं सगळं दुसऱ्या बफरच्या शेवटी जोडत जायचं. आणि दस्तऐवज म्हणजे कुठला तुकडा कुठून कुठपर्यंत घ्यायचा याची यादी. जमाखर्चाच्या वहीत खोडाखोड करत नाहीत, उलट नोंद घालतात, तसंच हे. काहीच पुसलं जात नसल्यामुळे अनडू जवळपास आपोआप मिळतं. लाखो ओळींच्या फाइलमध्ये मधेच एक ओळ घातली तरी पुढचा मजकूर सरकवावा लागत नाही. आज जे कोणी एडिटर लिहायला बसत असतील त्यांना माझं सांगणं आहे : पडदा, टूलबार, आयकॉन यांत वर्ष घालवण्याआधी बफर ठरवा. टूलबार केव्हाही बदलता येतो. बफर बदलायला निघालात तर सगळं पुन्हा लिहावं लागतं.

लाखो ओळींच्या फाइली कुणाकडे असतात? मोल्ड म्हणजे साचे बनवणाऱ्यांकडे, त्यांच्या संगणकाने चालणाऱ्या मशीनच्या प्रोग्रामांत. आमचं पहिलं खरं गिऱ्हाईक हिंजवडीच्या आयटीतलं नव्हतं, भोसरीच्या कारखान्यांतलं होतं.

त्यांना आम्ही काका म्हणतो. काकांचं तिथल्या एमआयडीसीत जॉबवर्कचं वर्कशॉप. दोन फॅनक कंट्रोलची (मशीन चालवणाऱ्या संगणकाची) व्हीएमसी म्हणजे उभी मिलिंग मशीन, एक सिमेन्सचं, आणि एक जुनं लेथ. त्यांनी मला पहिल्या भेटीत चहाच्या आधी एक तुटलेला एंडमिल, म्हणजे धातू कापायचं टूल, दाखवला. "अहो साहेब, हे तुमच्या नोटपॅडने तोडलंय," म्हणाले. झालं असं होतं, की सिमेन्सच्या मशीनवर चाललेला प्रोग्राम मुलाने थोडे फेरफार करून फॅनकवर चढवला. त्यात टूल वर घेण्यासाठी झेड५० लिहिलेलं (झेड म्हणजे उंची), पुढे दशांशाचं टिंब नाही. सिमेन्सला ते पन्नास मिलिमीटर. फॅनकवर, पॅरामीटर ३४०१ या सेटिंगचा शून्यावा बिट शून्य असेल तर, ते पन्नास मायक्रॉन. म्हणजे टूल जॉबच्या जेमतेम वर, आणि पुढच्याच ओळीला जी०० ने एक्समध्ये रॅपिड, म्हणजे पूर्ण वेगाने आडवी धाव. क्लॅम्पवर जाऊन आदळला.

एकच ओळ एका मशीनवर बरोबर आणि शेजारच्या मशीनवर चूक. असा नियम आम्ही कर्वे रस्त्यावर बसून एडिटरात कसा घालणार? कुठला प्रोग्राम कुठल्या मशीनसाठी आहे, हे काकांच्या वर्कशॉपलाच ठाऊक. मी त्यांच्या पुतण्याला, डिप्लोमा झालेल्या मुलाला, लुआचं एक पान समजावून दिलं आणि निघालो. काही दिवसांनी त्याने केलेली फाइल पाहिली आणि मित्राला तिथूनच फोन केला. पोराने सेव्हच्या आधीच्या हुकवर नियम टांगला होता : प्रोग्रामच्या डोक्यावर कंसात मशीनचं नाव वाच, फॅनक असेल तर एक्स, वाय, झेड, आय, जे, के, आर यांच्यापुढच्या आकड्याला टिंब आहे का बघ, नसेल तर ती ओळ लाल कर आणि सेव्ह थांबव. शून्याला टिंब असो नसो, फरक पडत नाही, म्हणून ते सोडलेलं. जी०४ या थांबण्याच्या आज्ञेचं पी मिलिसेकंदांत असतं, लेथवरच्या जी७४ आणि जी७५ या आज्ञांमध्ये पी-क्यू टिंब घेत नाहीत, म्हणून तीही वगळलेली. यातलं निम्मं मला माहीत नव्हतं आणि माहीत असायची गरजही नव्हती. एडिटर त्यासाठीच तसा बांधला होता.

काकांनी आम्हाला दुसरीही एक शिस्त लावली. कंट्रोलकडे आरएस-२३२ च्या केबलवरून फाइल पाठवताना एखादा जादा बाइट गेला तरी अलार्म येऊ शकतो. काही एडिटर सेव्ह करताना फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) चे तीन खुणेचे बाइट चिकटवतात, ज्या टक्के चिन्हाने प्रोग्राम सुरू होतो त्याच्याही आधी. काही ओळीचा शेवट परस्पर बदलतात. आमचा एडिटर उघडलेल्या फाइलचा एकही बाइट न विचारता बदलत नाही. हे वाक्य आमच्या माहितीपत्रकावर सगळ्यात वर छापलेलं असतं आणि ते काकांमुळे आहे.

मधली काही वर्षं बरी गेली. मग वितरकाचं प्रकरण झालं.

वाळूज, चाकण, शिरोली, सगळीकडच्या टूलरूमपर्यंत पोचायला आमच्याकडे माणसं नव्हती. एका गृहस्थांनी वितरण घेतलं. माणूस बोलका, मशीन विकणाऱ्यांत ऊठबस. बिलं त्यांच्या नावाने फाटायची, डोंगल (लायसन्ससाठी संगणकाला लावायची किल्ली) आमच्याकडून जायचे, एएमसी म्हणजे वार्षिक देखभालीचा करारही त्यांच्याचमार्फत. एका मार्चमध्ये एएमसीची नूतनीकरणं येईनात. फोन केला तर "पार्टी थांबलीय, मंदी आहे" असं उत्तर. आणि त्याच सुमारास औद्योगिक प्रदर्शनात त्यांच्या स्टॉलवर त्यांचा स्वतःचा एडिटर. आमचाच टूलबार, त्याच क्रमाने मेनू, किंमत आमच्या निम्म्याहून कमी, वर 'डोंगलची कटकट नाही' अशी पाटी.

ते आमचंच उचललेलं आहे हे सिद्ध केलं काकांनी. प्रदर्शनात ते स्टॉलवर उभे राहून मदतपुस्तिका चाळत होते. तिथूनच त्यांचा मला फोन : "अहो साहेब, हा तर माझा फ्लँज!" आमच्या पुस्तिकेत नमुना म्हणून मी काकांच्या परवानगीने त्यांचा ओ१२३४ नंबरचा प्रोग्राम दिला होता, ११२ पीसीडीवर, म्हणजे तेवढ्या व्यासाच्या वर्तुळावर, आठ भोकं. त्यात पाचव्या भोकानंतर एक एम००, म्हणजे मशीन थांबवायची आज्ञा, कारण काकांच्या फिक्स्चरवर तिथे क्लॅम्प हलवावा लागतो. जगात दुसऱ्या कुणाला तिथे थांबायचं कारण नाही. त्या पुस्तिकेत तो एम०० सुद्धा जसाच्या तसा होता.

वकिलांनी केस भक्कम असल्याचं सांगितलं आणि खर्चाचा अंदाजही दिला. तो अंदाज ऐकून आम्ही परत आलो. आजही त्या गृहस्थांना बाजारात मान आहे, आणि मला ते सलतं. सलणारच.

त्याच काळात दुसऱ्या बाजूनेही पाणी आटलं. २०१५-१६ पासून चांगले, फुकट एडिटर प्रोग्रामरच्या हातात आले. हिंजवडीतल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागाने शेकड्याने असलेली आमची लायसन्स एका ओळीच्या ईमेलने बंद केली. बैठकीला बोलावलं नाही, प्रोग्रामरना विचारलं नाही. 'विनामूल्य पर्याय उपलब्ध.' पगार थकले. मित्राने आपला घेणं बंद केलं आणि मला ते तिसऱ्या महिन्यात कळलं. त्या काळात तो रात्री अकराला गाळ्यातून निघायचा, आणि मोठी फाइल उघडायला लागणारा वेळ आणखी कमी करत बसलेला असायचा. पुढे घरच्या जबाबदारीमुळे तो सांगलीला परतला, पण गाभ्याचा प्रत्येक बदल अजून त्याच्या नजरेखालून जातो.

गिऱ्हाइकं परत आली ती आमच्या जाहिरातीने नाही. वितरकांनी मेनू उचलले, पण मेनूच्या मागची उघडी कमांड त्यांच्याकडे नव्हती. शिरोलीच्या एका फाउंड्रीवाल्याने त्यांचा एडिटर घेतला आणि आपली नियमांची फाइल त्यात टाकायला गेला. ती चालायला जागाच नव्हती. टूलचे नंबर, ऑफसेट, सुरक्षित झेड, ऑपरेटरच्या पाळीची नोंद, वर्षानुवर्षं साचलेली अक्कल त्या लुआच्या फाइलींत होती. एकेक करून फोन येऊ लागले. आता बिल आम्हीच फाडतो, गिऱ्हाइकांची यादी आमच्याकडे असते आणि डोंगल काढून टाकले आहेत. नवा धंदा करणाऱ्यांनो, वितरक भावासारखा असला तरी बिलावर नाव तुमचंच ठेवा.

सांगलीला गेलेल्या मित्रामुळे पतसंस्थांची सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी जोडली गेली. त्यांच्या कोडमध्ये मराठी मजकूर असतो. 'क्षि' हे डोळ्यांना एक अक्षर, पण युनिकोड या अक्षरांच्या जागतिक मानकात चार चिन्हं आणि यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट. कर्सर त्यावरून एका उडीत गेला पाहिजे आणि बॅकस्पेसने मात्र एकेक चिन्ह पुसलं पाहिजे, कारण वेलांटी चुकली तर सगळं जोडाक्षर पुन्हा कोण टाइप करणार? असं जोडाक्षर तोडू नये हा नियम युनिकोडमध्ये १५.१ आवृत्तीत, २०२३ साली आला. आमचा कर्सर त्याच्या कितीतरी आधीपासून तसा चालतो. २०१६ साली लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल (कोडमधल्या चुका शोधणारं इंजिन कुठल्याही एडिटरला जोडायची ठरलेली पद्धत) खुला झाल्यामुळे प्रत्येक भाषेसाठी वेगळं इंजिन लिहिण्याचं ओझं उतरलं. फक्त तो प्रोटोकॉल ओळीतली जागा मुळात यूटीएफ-१६ च्या एककांत मोजतो आणि आम्ही बाइटमध्ये, म्हणून 'न' तिथे एक आणि आमच्याकडे तीन. मधे रूपांतराचा थर घातला, तेव्हा मराठी कॉमेंटच्या पुढची चूक अचूक जागी अधोरेखित होऊ लागली.

सध्या काम चालू आहे ते पुतण्याच्या मागणीवर. आता वर्कशॉप तोच बघतो. त्याला मॅक्रो प्रोग्राम, म्हणजे आकड्यांऐवजी चलं वापरणारे मशीनचे प्रोग्राम, तपासायचे आहेत. फॅनकच्या मॅक्रोत चलाला टिंबाशिवाय ५० दिलं तरी ते पन्नासच धरलं जातं. म्हणजे टिंबाचा जुना नियम तिथे उगाच सेव्ह अडवतो. ओळीतली अक्षरं जुळवून हे भागणार नाही. प्रोग्रामची रचना समजून घेणारा पार्सर हवा, आणि टाइप करताना बदललेला भागच तेवढा पुन्हा वाचणारा हवा. तो पार्सर तयार आहे. त्याने काढलेलं प्रोग्रामच्या रचनेचं झाड लुआतून चाळता येईल, म्हणजे नियम पुन्हा गिऱ्हाइकानेच लिहायचे. भोसरीत चाचणी सुरू आहे. एएमसी चालू असलेल्यांना ही आवृत्ती वेगळे पैसे न भरता मिळेल, आणि जुन्या नियमांच्या फाइली तिच्यात आहेत तशा चालतील.